न लागलेला पाट

पिंपरी पेंढारात प्रयागबाईला कधी कुणी रागीट म्हटलं नव्हतं. सोळाव्या वर्षी हौशीरामची बायको होऊन ती या गावात आली, सासूच्या हाताखाली मुकाट राबली, सासू अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं केलं, आणि इतक्या वर्षांत तिचा आवाज भिंतीपलीकडं गेला नाही. भिंतीपलीकडं थोरला दीर भिमाजी आणि जाऊ चिमाबाई राहत. सासरा असतानाच दोघा भावांच्या वाटण्या झाल्या होत्या. घरात मधोमध भिंत आली, मळ्यात बांध आला. विहीर तेवढी सामाईक राहिली, तिच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या.

एकोणपन्नास साली हौशीराम तापानं गेला. पोटी मूल नव्हतं. प्रयागबाई तेव्हा तिशीच्या आतबाहेर असेल. तलाठ्यानं सातबाऱ्यावर तिचं नाव लावलं आणि दिवसकार्य उरकल्यावर थोड्याच दिवसांत ती स्वतः मोटेवर उभी राहिली. बाईनं मोट हाकायची गावात चाल नव्हती. येणारे-जाणारे बांधावर थांबून बघत. ती बैलांकडं बघे.

पाटाची बोलणीही आली. त्यांच्यात विधवेनं पाट लावायला, म्हणजे दुसरा घरोबा करायला, आडकाठी नव्हती. माहेरच्यांनी एक बिजवर सुचवला, ओतूरकडचा एक जण तर स्वतःच गाडी जुंपून आला. प्रयागबाईनं सगळ्यांना नाही म्हणून सांगितलं. का म्हणून विचारायचं धाडस फक्त जन्नतबीनं केलं. जन्नतबी जुन्नरची, बांगड्या भरणारी; वर्षानुवर्षं या गावांतून तिची फेरी असे. विधवेच्या हातात भरायला तिच्याकडं काही नव्हतं, तरी ती प्रयागबाईच्या ओसरीवर पाणी प्यायला थांबे. तिला प्रयागबाई म्हणाली, "दुसऱ्याच्या घरात लई राबले. आता माझ्या वावरात माझी म्हून राबते. मला बरं वाटतंय." एवढंच.

भिमाजीला मात्र हे बरं वाटत नव्हतं. आधी तो गोड बोलून बघे. मळा माझ्याकडं दे, मी पिकवतो, तू घरात बसून खा. तिनं जावेकरवी निरोप पाठवला की मला बसून खायची सवय नाही. मग त्याचं बोलणं बंद झालं. प्रयागबाईला वाटलं, विषय संपला.

बावन्न साली कांद्याची लागण चालू असताना कोर्टाचा बेलिफ बांधावर येऊन उभा राहिला. त्यानं कागद दिला, अंगठा घेतला आणि निघून गेला. तिला वाचता येत नव्हतं. ती तशीच चिखलाच्या पायांनी शाळेत गेली आणि मास्तरांपुढं कागद धरला. मास्तरांनी तो आधी मनात वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. घरी कुणी पुरुषमाणूस असेल तर त्याला पाठवा, असं ते म्हणाले. ती म्हणाली, "घरात मीच हाये. वाचा."

भिमाजीनं जुन्नरच्या कोर्टात दावा लावला होता. आपल्या मयत भावाची बायको प्रयागबाई हिनं दोन वर्षांपूर्वी मौजे लोणी इथल्या सावळेराम नावाच्या विधुराशी पाट लावला आहे, काही महिने त्याच्या घरी नांदून ती जमिनीच्या लोभानं परत आली आहे, सबब मयताच्या जमिनीवर तिचा काही हक्क राहिला नाही, असं त्यात लिहिलं होतं. त्या काळी कायदाच तसा होता. नवऱ्यामागं बायकोला जमीन मिळे ती हयातभर सांभाळायला. तिनं दुसरा नवरा केला की ती जमीन पहिल्या नवऱ्याच्या वारसाकडं जायची. इथं वारस होता भिमाजी.

प्रयागबाईनं मास्तरांना ते पुन्हा वाचायला लावलं. मग आणखी एकदा. लोणी तिनं पाहिलेली नव्हती. सावळेराम हे नाव तिनं ऐकलेलं नव्हतं. ती मळ्यात परतली, मोट जुंपली आणि बैलांच्या तोंडाला फेस येईपर्यंत हाकत राहिली. पाट भरून पाणी शेजारच्या वाफ्यात गेलं, तरी तिला कळलं नाही. जो घरोबा करायला तिनं सगळ्या जगाला नाही म्हटलं होतं, तो तिच्या नावावर परस्पर लावून टाकला होता.

जुन्नरात एक वयस्क वकील होते. त्यांना सगळे अण्णासाहेब म्हणत. जन्नतबीनं तिला त्यांच्याकडं नेलं. अण्णासाहेबांनी कागद वाचला, चष्मा काढून पुसला आणि खरं-खोटं विचारलं. ती म्हणाली, हा माणूस समोरून गेला तर मी ओळखणार नाही. वकील म्हणाले, मग ठीक आहे, पण कोर्टात खरं नुसतं असून भागत नाही, ते दाखवावं लागतं.

तारखा सुरू झाल्या. आदल्या दिवशी दुपारी ती एस.टी. धरून जुन्नरला यायची आणि जन्नतबीच्या ओसरीवर मुक्काम करायची. जन्नतबीचा नवरा दिलावर मितभाषी होता. तो तिच्यासाठी पाण्याची वेगळी घागर भरून ठेवी आणि स्वतः आत झोपायला जाई. गावात मात्र कुजबुज वाढत होती. पाणवठ्यावर बायका तिला बघून बोलायच्या थांबत. एकीनं तर तोंडावर विचारलं की लोणीला पाऊस कसा असतो गं. प्रयागबाईनं हातातली कळशी खाली ठेवली आणि तिच्याकडं नुसतं बघत उभी राहिली, ती बाई निघून जाईपर्यंत.

भिमाजीचे साक्षीदार उभे राहिले. पाट नेहमी अंधारात लागतो, सवाष्णींनी त्या वेळी तिथं असायचं नसतं. या चालीचा भिमाजीला चांगलाच उपयोग झाला. त्यानं लोणी परिसरातले दोन-तीन पुरुष आणून उभे केले, आणि त्यांनी एका सुरात सांगितलं की देवळामागं पाट लागला, आम्ही हजर होतो. मग खुद्द सावळेराम पिंजऱ्यात आला. चाळिशीचा, पांढरा शुभ्र फेटा बांधलेला, बोलण्यात गोड. माझी पहिली बायको तापानं गेली, मी एकटा होतो, या बाईशी पाट लावला, पावसाळाभर ती माझ्याकडं नांदली, भाकरी चांगली करायची, असं त्यानं सांगितलं. प्रयागबाई बाकाच्या टोकाला बसून त्याच्या तोंडाकडं बघत होती. एखादा माणूस इतक्या सहज, इतक्या बारकाव्यानं खोटं बोलू शकतो याचं तिला आधी नवल वाटलं आणि मग संताप आला.

अण्णासाहेबांनी त्याला उलट विचारलं, ही तुझी बायको म्हणतोस, तर तिची काही खूण सांग. वकिलांना वाटलं होतं तो अडखळेल. तो अडखळला नाही. म्हणाला, "हिच्या पाठीवर डाव्या अंगाला भाजल्याचा डाग हाये. गुऱ्हाळात काकवी सांडली व्हती, तवाचा."

कोर्टात कुजबुज झाली. मागं बसलेले पुरुष माना वळवून प्रयागबाईकडं बघायला लागले. तिच्या तोंडाकडं नाही, पाठीकडं. भिमाजीचा वकील लगेच उठला आणि म्हणाला, सरकारी दवाखान्यातल्या नर्सकडून तपासणी व्हावी. अण्णासाहेबांनी हरकत घेतली. मुन्सफांनी प्रयागबाईला विचारलं, असा डाग आहे का? अण्णासाहेब हळूच म्हणाले की आत्ता उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. पण ती उभी राहिली आणि म्हणाली, "हाये. डाग खरा हाये. ह्यो मानूस खोटा हाये."

त्या वाक्यानं तिची बाजू पडल्यासारखीच झाली. सगळे बाहेर आले. भिमाजी पायरीवर उभा राहून आपल्या साक्षीदारांना तंबाखू देत होता. प्रयागबाईला आता दुसरंच काही दिसत होतं. तो डाग तिच्या नवऱ्याखेरीज एकाच माणसानं पाहिला होता. गुऱ्हाळात भाजली तेव्हा महिनाभर तिला पाठ चोळता येत नव्हती, आणि तिला न्हाऊ घालायला चिमाबाई येत असे. ऊन पाणी बेतानं घालायची, डागाच्या कडेकडेनं बोटं फिरवायची, दुखतंय का गं विचारायची. तीच बोटं आता कोर्टात येऊन तिची पाठ उघडी करून गेली होती. भिमाजीचा राग आला होता तो जमिनीपुरता. हा राग वेगळा होता. तो गिळता येत नव्हता.

पुढची तारीख महिन्यानंतरची होती. प्रयागबाई जन्नतबीला म्हणाली, हा माणूस कोण आहे, कुठं राहतो, ते मला डोळ्यांनी बघायचंय. जन्नतबी म्हणाली, तू एकटी गेलीस तर लोणीचे लोक म्हणतील, बघा, आली नांदायला. मी येते.

दोघी नारायणगावाहून एस.टी.नं मंचरला उतरल्या आणि तिथून कांद्याच्या परतीच्या गाडीतून लोणीला पोचल्या. जन्नतबीनं पारापाशी चादर अंथरून बांगड्या मांडल्या. बांगडीवालीला कुठलंही गाव परकं नसतं. घटकाभरात बायका जमल्या, हात पुढं झाले, बोलणी सुरू झाली. प्रयागबाई पदर ओढून बाजूला बसली होती. जन्नतबीनं एकीच्या हातात बांगडी सरकवता सरकवता सहज म्हटल्यासारखं म्हटलं, सावळेरामच्या घरची कुठं दिसत नाही, तिला हिरव्या हव्या होत्या ना. बायका हसल्या. एक जण म्हणाली, ती कुठली दिसायला, धोंडाबाई कधीच माहेरी गेली, महाळुंग्याला. हात उचलायचा तो तिच्यावर. दुसरीनं भर घातली, तेव्हापासून हातानं थापतोय भाकरी. जन्नतबीनं विचारलं, दुसरी कुणी आणली असेल की. "त्याला कोन देतंय?" एक म्हातारी म्हणाली आणि सगळ्या पुन्हा हसल्या.

प्रयागबाई हसली नाही. त्या गाडीत बसल्यापासून तिनं दात आवळून धरले होते, ते पहिल्यांदा सुटले. बायको जिवंत होती.

महाळुंगे पडवळला त्या दुसऱ्या दिवशी गेल्या. धोंडाबाई भावाच्या शेतात खुरपत होती. वाळलेली, उंच बाई, पुढचा एक दात पडलेला. तो कसा पडला हे विचारावं लागलं नाही. भाऊ भागू बैल सोडून जवळ आला आणि परक्या बायका बघून उभा राहिला. प्रयागबाईनं सगळं सांगितलं. धोंडाबाईनं मध्ये एकदाही तिला थांबवलं नाही. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "कोर्टात मी मेले म्हून सांगितलं त्यानं?"

"व्हय. तापानं."

धोंडाबाईनं आपल्या हातांकडं पाहिलं. मनगटात त्याच्याच नावाच्या बांगड्या होत्या. भागू म्हणाला, या भानगडीत आपण पडायचं नाही, तो माणूस वाईट आहे, उद्या दारात येऊन उभा राहील. ती भावाकडं न बघता खुरपं पाटीत टाकून उठली आणि प्रयागबाईला म्हणाली, "कवा यायचं ते सांगा."

तारखेच्या दिवशी अण्णासाहेबांनी सावळेरामला पुन्हा पिंजऱ्यात बोलावून घेतलं. पहिली बायको कधी वारली, कुठं वारली, कोणत्या आजारानं, असं एकेक विचारलं. तो न डगमगता सांगत गेला. अंत्यविधी कुणी केला हेही त्यानं सांगितलं. मग अण्णासाहेब दाराकडं वळले आणि पट्टेवाल्यानं धोंडाबाईच्या नावाचा पुकारा केला.

ती आत आली, पिंजऱ्यासमोर थांबली आणि त्याच्याकडं बघत राहिली. सावळेरामच्या फेट्याखालून घाम निथळायला लागला. मुन्सफांनी विचारलं, ही कोण? तो खालच्या मानेनं म्हणाला, माझी बायको. अण्णासाहेबांनी आवाज न चढवता त्याला समजावून सांगितलं, मुंबई राज्यात आता पहिली बायको असताना दुसरी करणं गुन्हा आहे. पाट लागला म्हणशील तर त्यासाठी तुरुंग आहे. लागला नाही म्हणशील तर शपथेवर खोटं बोललास. दोन्हीतलं कोणतं ते तूच सांग.

सावळेरामनं भिमाजीकडं पाहिलं. भिमाजी पायांकडं बघत होता.

"पाट लागलाच न्हाई, साहेब," सावळेराम म्हणाला. "ही बाई मी हितंच पहिल्यांदा बघितली. भिमाजीनं सांगितलं तसं बोललो. मळा हातात आला की अर्ध्या वाट्यानं मला कसायला देनार व्हता." डागाचं कुणी सांगितलं हे मुन्सफांनी विचारलं. त्यावरही त्यानं भिमाजीचंच नाव घेतलं.

पुढच्या पंधरवड्यात निकाल लागला. दावा खर्चासह फेटाळण्यात येत आहे, असं मुन्सफांनी वाचून दाखवलं. जन्नतबीनं दिलावरला साखर आणायला पिटाळलं. अण्णासाहेब समाधानानं कागद आवरत होते. प्रयागबाई मात्र बाकावरून उठली नव्हती. तिनं विचारलं, "आन् त्याचं काय?"

अण्णासाहेबांना कळलं नाही. जमीन तुझीच राहिली, ते म्हणाले, खर्चही त्यानं द्यायचाय. ती म्हणाली की ते कळलं, पण ज्यानं हे सगळं रचलं तो आत्ता बाहेर उभा राहून तंबाखू मळतोय, संध्याकाळी घरी जाऊन भाकरी खाईल आणि झोपेल. खोटं बोलला त्याला काहीच नाही का?

वकिलांनी हातातले कागद पुन्हा खाली ठेवले. मग म्हणाले, आहे. खोटा आहे हे ठाऊक असून कोर्टात दावा सांगणं हा नुसता डाव फसणं नव्हे, गुन्हाच आहे. दंडविधानात त्याचं कलम आहे, दोनशे नऊ. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण पोलिसात जाऊन फिर्याद करता येत नाही. ज्या कोर्टात खोटा दावा लागला त्या कोर्टानंच फिर्याद द्यायची असते. आपण नुसता अर्ज करायचा. कोर्टाला वाटलं तर चौकशी होईल. त्यांनी हेही सांगितलं की असे अर्ज कुणी करत नाही, कोर्टही फारसं मनावर घेत नाही, वर्षं जातात, आणि घरातल्या माणसाला तुरुंगात घालून गावात राहणं सोपं नसतं.

प्रयागबाई म्हणाली, "अर्ज लिवा."

त्या अर्जाची बातमी तिच्याआधी गावात पोचली. दावा चालू होता तोवर अर्धं गाव तिच्या बाजूनं होतं, निदान गप्प होतं. आता सगळे तिच्यावर उलटले. जिंकली तेवढं पुरं नाही का, असा सूर निघाला. पुढच्या आठवड्यात गेणभाऊ आणि आणखी तीन-चार जाणती माणसं तिच्या ओसरीवर येऊन बसली. गेणभाऊ गावात मानाचे, भांडणं मिटवण्यात हयात घालवलेले. त्यांनी शांतपणे मांडलं, भिमाजी चुकला, तो देवळात सर्वांसमोर नारळ ठेवून तुझी माफी मागेल, तू अर्ज मागं घे. घराण्याचं नाव कोर्टात किती मळवायचं?

प्रयागबाई दाराच्या चौकटीत उभी होती. म्हणाली, "गेणभाऊ, नाव कुनी मळवलं? दावा लागला तवा तुमी ह्या ओसरीवर आला न्हाई. माझी पाठ परक्या पुरुषांपुढं सांगितली तवा आला न्हाई. त्याच्यावर बेतलं तवा आलात." गेणभाऊ काही बोलायच्या आत ती पुढं म्हणाली, "तो खोटं कोर्टात बोलला. माफीबी तिथंच मागंल. देवाला मदी आनू नका." मंडळी चहा न घेता उठली.

त्यानंतर तिला मजूर मिळेनात. मोटेचा दोर तुटला तर नवा वळून द्यायला कुणी येईना. पाळीच्या दिवशी विहिरीवर गेलं तर भिमाजीचे बैल आधीच जुंपलेले असत. ती बांधावर उभी राहून मोठ्यानं त्याचं नाव घेऊन हाका मारी, तिचा राग साऱ्या शिवाराला ऐकू जाईल अशा. दिराचं नाव बायका घेत नाहीत. ती घ्यायला लागली. शेवटी शरमेनं तोच बैल सोडी. कांदे काढायला महाळुंग्याहून धोंडाबाई आली आणि दोघींनी मिळून मळा उपसला. धोंडाबाई फार बोलायची नाही. कामाच्या भरात एकदाच म्हणाली, मला मेली म्हणाला ना, आता त्याच्यासाठी मी मेलेलीच बरी.

एका दुपारी चिमाबाई आली. मागच्या दारानं, पूर्वी येत असे तशी. ती रडत होती. ते आत गेले तर मी काय करू, शेत कोण बघेल, असं तिचं चाललं होतं. प्रयागबाई धान्य पाखडत होती, ती थांबली नाही. चिमाबाई म्हणाली, तू म्हणशील ते करते, पायावर डोकं ठेवते. मग प्रयागबाईनं सूप खाली ठेवलं.

"डागाचं तुमी सांगितलं?"

चिमाबाईनं डोळे पुसले. "त्यांनी इचारलं. नवऱ्यानं इचारलं तर बाईमानसानं काय करायचं? मला काय ठाव कशासाठी इचारत्यात."

"ठाव नव्हतं?"

चिमाबाईनं नजर भुईकडं वळवली. प्रयागबाईला त्यातच तिचं उत्तर मिळालं. ती म्हणाली, "जाऊबाई, त्यांनी वावर मागितलं. त्याचं मला एवढं न्हाई. तुमी माझं अंग दिलंत. जावा तुमी." चिमाबाई गेली आणि प्रयागबाईनं सूप इतक्या हिसक्यानं उचललं की बाजरी भुईवर सांडली. ती तिथंच बसून ती एकेक मूठ वेचत राहिली आणि शिव्या देत राहिली. आजवर तिच्या तोंडून शिवी कुणी ऐकली नव्हती. त्या दिवशीही भिंतीखेरीज कुणी ऐकली नाही.

अर्ज पडून राहिला. मुन्सफांची बदली झाली. नवे आले, त्यांना सगळं पुन्हा वाचायला वेळ हवा होता. प्रयागबाई प्रत्येक तारखेला जुन्नरला जायची, कामकाज झालं नाही तरी संध्याकाळपर्यंत बाकावर बसायची. कारकून तिला लांबून बघूनच हातानं नाही अशी खूण करी. चौपन्न सालच्या उन्हाळ्यात नव्या मुन्सफांनी चौकशी पुरी केली आणि भिमाजीविरुद्ध खोट्या दाव्याबद्दल, सावळेरामविरुद्ध खोट्या साक्षीबद्दल, कोर्टाच्या नावानं फौजदारी फिर्याद पाठवली. अण्णासाहेब स्वतः म्हणाले की चाळीस वर्षांच्या वकिलीत मी ही दुसरी फिर्याद बघतोय.

मॅजिस्ट्रेटपुढं तिची साक्ष झाली. सासरी आल्यापासून थोरल्या दिरासमोर ती पदर ओढून, तोंड वळवून उभी राहत आली होती. त्या दिवशी ती पिंजऱ्यात भिमाजीकडं तोंड करून उभी राहिली आणि पदर डोक्यावरून घसरला तो तिनं सावरला नाही. भिमाजीच्या वकिलानं विचारलं, बाई, जमीन तुम्हाला मिळाली, खर्च मिळाला, आता आणखी काय मिळवायचं राहिलंय? सूडच ना?

"जमीन मला मिळाली न्हाई," ती म्हणाली. "माझीच व्हती, ती जायची राहिली. साहेब, मी कुनाच्या घरात पाऊल न टाकता पावसाळाभर नांदवून आनलेली बाई झाले. पानवठ्यावर मला इचारत्यात, लोनीला पाऊस कसा असतो. माझ्या पाठीवर काय हाये ते आज तालुक्याला ठाव हाये. हे ह्यांनी पुसून द्यावं, मी आत्ता घरी जाते. देता येतं का इचारा त्यांना."

वकील खाली बसला. भिमाजीला मॅजिस्ट्रेटांनी काही सांगायचं आहे का म्हणून विचारलं, तेव्हा तो हात जोडून म्हणाला, चूक झाली. प्रयागबाई जागेवरून बोलली, "चूक न्हाई. चूक हातनं व्हते. हे ठरवून केलं." तिला गप्प बसवण्यात आलं.

भिमाजीला सहा महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली, सावळेरामला तेवढीच. अपिलात पुण्याला भिमाजीचे तीन महिने झाले. त्यावरही ती संतापली. अर्धं खोटं माफ झालं का, असं तिनं अण्णासाहेबांना विचारलं. तो येरवड्याला होता त्या काळात त्याचा कांदा पाण्यावाचून माना टाकायला लागला. चिमाबाईला मोट हाकता येत नव्हती. गावातल्या चार जणांनी प्रयागबाईला सुचवून पाहिलं की झालं गेलं विसरून चार मोटा पाणी सोड. तिनं सोडलं नाही. पण भिमाजीच्या पाळीचे दिवस रिकामे जात होते तरी तिनं त्या दिवशी आपले बैलही विहिरीवर नेले नाहीत. शेवटी चिमाबाईच्या माहेरचा कुणी आला आणि त्यानं उरलासुरला कांदा वाचवला.

भिमाजी सुटून आला तो खंगून. पुढं तो कुणाशी फारसा बोलला नाही. सावळेराम लोणीत परतला नाही, मुंबईला कुठं हमाली करतो असं ऐकू आलं.

छपन्न सालच्या पावसाळ्यात प्रयागबाई खताच्या कामानं जुन्नरला गेली होती, तेव्हा अण्णासाहेबांनी तिला रस्त्यातूनच हाक मारून बोलावलं. ते खुशीत होते. दिल्लीला नवा कायदा झालाय, त्यांनी सांगितलं. विधवेकडं असलेली जमीन आता हयातीपुरती नाही, पुरती तिच्या मालकीची. विकावी, द्यावी, ठेवावी, कुणी विचारणार नाही.

प्रयागबाईनं विचारलं, "आन् आता कुनी बाईनं पाट लावला तर?"

"तरी तिचीच," अण्णासाहेब म्हणाले. "लावला काय, न लावला काय."

त्यांना वाटलं ती हसेल. ती रस्त्याच्या कडेला तशीच उभी राहिली आणि तिच्या कपाळावरची शीर फुगलेली त्यांना दिसली. म्हणाली, "म्हंजी हे चार वर्सांपूर्वी केलं असतं तर त्याला दावाच लावता आला नसता. माझ्या पाठीचं नाव कुनी घेतलं नसतं. अण्णासाहेब, हे करनारी मानसं तवा कुठं बसली व्हती?"

वकिलांनी काहीतरी समजुतीचं बोलायला सुरुवात केली, पण ती ऐकायला थांबली नाही. खताची पोती गाडीत चढवायची होती आणि गाडीवान घाई करत होता.